कारखान्याविषयी गावात चालणारी चर्चा वेळीच कशी ओळखावी?



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खताची मात्रा, पाण्याच्या पाळ्या आणि खोडव्याची राखण यांविषयी लिहीत असतो. या खेपेस विषय थोडा निराळा आहे. कारखान्याच्या नावाने गावोगाव जे बोलले जाते ते कारखान्यात केव्हा पोचते, आणि ते लवकर पोचावे म्हणून काय करता येईल, हा तो विषय. कोणी म्हणेल, ऊस विकास अधिकाऱ्याने उसाचे पाहावे, लोकांच्या बोलण्याशी त्याला काय करायचे? परंतु ऊस लावायचा की नाही, लावला तर कोणाच्या गव्हाणीत टाकायचा, हे कास्तकार आमचे पत्रक वाचून ठरवीत नाही. तो पानठेल्यावर ऐकतो, धुऱ्यावर शेजाऱ्याला विचारतो आणि मग ठरवतो. म्हणून हा विषयही ऊस विकासाचाच आहे.

प्रथम आमच्याच नोकरीतली एक गोष्ट सांगतो. येथे येण्यापूर्वी आम्ही विदर्भातील दुसऱ्या एका सहकारी कारखान्याच्या शेतकी खात्यात होतो. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. जानेवारीच्या मध्यास एक ट्रॅक्टरवाला यार्डाबाहेरच्या पानठेल्यावर म्हणाला, "काटा मारते जी हा कारखाना. गावच्या काट्यावर मोजून आणली ट्रॉली, इथं येऊन तीन क्विंटल कुठं गेले?" हे वाक्य आमच्या एका स्लिपबॉयने त्याच दिवशी आपल्या कानांनी ऐकले होते. त्याने ते कोणाला सांगितले नाही. साहेब आपल्यावरच रागावतील अशी त्याला भीती वाटली. फेब्रुवारीत तेच वाक्य तीन गावांत पोचले होते, मात्र तीन क्विंटलचे आता सहा झाले होते. मार्चमध्ये एक टन झाला. तोवर काही वाहने रात्रीची गुऱ्हाळाकडे वळू लागली आणि काही ऊस दुसऱ्या कारखान्याच्या टोळ्यांनी तोडून नेला. संचालक मंडळाला ही गोष्ट कळली ती सप्टेंबरच्या वार्षिक सभेत, एका वयोवृद्ध सभासदाने उठून हातातल्या पावत्या फडकावल्या तेव्हा. म्हणजे एका वाक्याला पानठेल्यापासून सभामंडपापर्यंत यायला आठ महिने लागले. अंतर किती, तर दीडशे पावले! पुढल्या लागणीत आमच्या गटातली नोंद निम्म्यावर आली आणि त्या हंगामात ऊस संपला म्हणून गाळप लवकर थांबवावे लागले.

सभेनंतर चौकशी झाली. वजनमाप खात्याच्या निरीक्षकांसमोर काटा तपासला, तो बरोबर निघाला. मग तीन क्विंटल गेले कुठे? त्या हंगामात मिल वारंवार बंद पडत होती. ट्रॉल्या यार्डात तीस-तीस, छत्तीस-छत्तीस तास उभ्या राहत. तोडलेला ऊस वाळतो हे आपणास सांगायला नको. पंधरा टनांच्या जोड ट्रॉलीत दोन टक्के घट धरली तरी तीन क्विंटल होतात. ट्रॅक्टरवाला खोटे बोलत नव्हता. काटा मारला जात नव्हता, पण कास्तकाराचे नुकसान मात्र खरोखरच होत होते, आणि ते आमच्या रांगेमुळे होत होते. शिवाय शिळ्या उसात साखरेचे विघटन होऊन उतारा घटतो तो वेगळाच, म्हणूनच ऊस तोडल्यापासून २४ तासांत गाळपाला जावा असे आपण म्हणतो. जानेवारीत कोणी ते वाक्य आमच्या टेबलावर आणून ठेवले असते, तर तोडणीचा कार्यक्रम आखडता घेऊन आणि टोळ्या दोन दिवस थांबवून हे प्रकरण आठवड्यात मिटले असते. सप्टेंबरमध्ये ते मिटण्यासारखे राहिले नव्हते. लोकांच्या मनात आता काटा राहिलाच नव्हता, "हे लोक असेच" एवढेच राहिले होते.

सहकारी कारखान्याचे नाव म्हणजे काय वस्तू आहे, याचा आपण फारसा विचार करीत नाही. साबणाच्या किंवा चहाच्या कंपनीचे नाव जाहिरातीने होते. आपले नाव बोलण्यातून होते. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून, लोकांशी बोलून भाग जमवले, आणि १९५० च्या अखेरीस प्रवरेचा कारखाना धूर सोडू लागला. राज्यातला हा पहिला सहकारी कारखाना बोलण्यावर उभा राहिला. जे बोलण्यावर उभे राहते ते बोलण्याने खचतेही. पूर्वी झोनबंदी होती, तेव्हा नाराज सभासदही ऊस आपल्याच कारखान्याला घालत असे, कारण दुसरी वाट नव्हती. आता ती बंदी नाही. विदर्भात एकामागून एक सहकारी कारखाने बंद पडले किंवा विकले गेले हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याला पाणी, कर्ज, कारभार अशी अनेक कारणे आहेत. पण उसाअभावी मिल थांबली की बाकीची दुखणीही वर येतात, आणि आपल्या वर्धा जिल्ह्यात कापूस, सोयाबीन, तूर, संत्रा यांच्यामध्ये उसाचे वावर आधीच विरळ. येथे दहा गावे रुसली तर त्यांच्या बदल्यात दुसरी दहा गावे मिळत नाहीत.

आता खोट्या बोलण्याची दोन उदाहरणे घेऊ. दोन्ही आपणा सर्वांच्या आठवणीतली आहेत.

८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटबंदी जाहीर झाली. तीनच दिवसांनी, ११ तारखेला, मीठ संपले अशी आवई उत्तरेकडच्या शहरांत उठली. रात्री दुकानांपुढे रांगा लागल्या आणि २०० ते ४०० रुपये किलोने मीठ विकले गेल्याच्या बातम्या आल्या. देशात मीठ मुबलक होते. सरकारने तसा खुलासा लगेच केला, दुसऱ्या दिवशी लोकांना दुकानात मिठाची पोती डोळ्यांनी दिसली, आणि आवई थोड्याच दिवसांत विरली.

दुसरे उदाहरण कोंबडीचे. २०२० च्या फेब्रुवारीत, आपल्याकडे कोरोनाची साथ पुरती आलीही नव्हती तेव्हा, कोंबडी खाल्ल्याने हा रोग होतो असे मोबाईलवर फिरू लागले. पशुसंवर्धन खात्याने त्याचा इन्कार केला. तेलंगणाच्या मंत्र्यांनी २८ फेब्रुवारीला हैदराबादेत व्यासपीठावर बसून कोंबडी खाऊन दाखवली. तरी बाजार सावरला नाही. महाराष्ट्रात कुक्कुटपालकांनी पक्षी मातीमोल भावाने विकले, फुकट वाटले, काहींनी पिल्ले खड्ड्यात पुरली. खुलासा शंभर टक्के खरा होता, पण तो आला तेव्हा घरोघरी ठरून गेले होते की सध्या कोंबडी नको. शिवाय मीठ जसे पोत्यात दिसते तसा कोंबडीत रोग नाही हे डोळ्यांना दिसत नाही. व्यासपीठावरचा मंत्री लांब असतो, आणि भ्रमणध्वनीवरचा निरोप सख्ख्या मेव्हण्याकडून आलेला असतो.

या दोहोंपासून आम्ही एवढे घेतले की पहिले काही दिवस हातचे जाऊ द्यायचे नाहीत, आणि सांगण्यापेक्षा दाखवण्याची सोय पाहायची. पण त्यासाठी चर्चा सुरू झाली हे मुळात कळले पाहिजे. ती कोठे शोधावी?

आमच्या अनुभवाने, प्रत्येक विषयाची बोलण्याची जागा ठरलेली असते. काट्याचे आणि यार्डातल्या रांगेचे बोलणे ड्रायव्हर लोकांत निघते, म्हणजे यार्डाबाहेरचा पानठेला, टायर पंक्चरवाला आणि रात्रीचा ढाबा. तोडणीचे, टोळी उशिरा येण्याचे, खुशालीचे बोलणे गावच्या पारावर आणि चक्कीवर होते. साखरेच्या प्रतीचे बोलणे बायांमध्ये होते. दिवाळीची सभासद साखर घरी गेली की तिचा पहिला कस डब्यात लागतो आणि निकाल बचत गटाच्या बैठकीत. तेथे आमच्या खात्याचा एकही माणूस नसतो, कारण आमच्या खात्यात बहुतेक पुरुष. ही आमची उणीव आहे आणि ती आम्ही मान्य करतो.

पेमेंटचे बोलणे सर्वांत आधी कोणाला कळते, सांगा पाहू? कारखान्याच्या लेखा विभागाला नव्हे. ते कृषी केंद्रवाल्याला कळते. खताची, औषधाची उधारी उसाच्या बिलावर असते. बिल लांबले की कास्तकार प्रथम त्याला तोंड चुकवतो. कृषी केंद्रवाला "उसाची उधारी थांबली जी" असे सहज म्हणाला, तर समजावे की आठ दिवसांत हे गावात फिरणार. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत रक्कम द्यावयाची असते आणि पुढच्या दिवसांवर १५ टक्के दराने व्याज लागते. हा आकडा कायद्यात आहे, पण गावात त्याचे मोजमाप कृषी केंद्राच्या वहीत होते.

जागेइतकेच महत्त्व शब्दांचे. बाजारात बसून 'कारखाना' हा शब्द ऐकू येण्याची वाट पाहिली तर काही हाती लागणार नाही. लोक कारखान्याला कारखाना म्हणत नाहीत. "तिकडं", "वरचे लोक", "धुराडं", "सायेब लोकं" असे म्हणतात. कित्येकदा एवढेही म्हणत नाहीत, नुसते "यंदा गूळच बरा" म्हणून दुसऱ्या विषयाकडे वळतात. हे वाक्य आमच्या दृष्टीने शिवीपेक्षा गंभीर आहे. शिवी देणारा अजून आपला असतो. म्हणून आम्ही आमच्या ओव्हरसियर मंडळींना सांगितले आहे की कान ठेवायचा तो काटा, पावती, टोळी, मुकादम, खुशाली, एंट्री, रांग, उधारी, उतारा, गूळ या शब्दांवर. आणि शेजारच्या एखाद्या कारखान्याचे नाव एकाच आठवड्यात दोन-तीन ठिकाणी निघू लागले तर त्यावरही. माणूस दुसऱ्याची स्तुती करतो तेव्हा बहुधा आपल्याबद्दल काहीतरी सांगत असतो.

कधी कधी एखादा अगदी नवा शब्द लोकांच्या तोंडी येतो. त्याकडे तर दुप्पट लक्ष द्यावे. याचे मोठे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. १९७८ च्या सुमारास पुण्याजवळ चाकणच्या बाजारात कांदा उत्पादकांमध्ये शरद जोशी बसू-बोलू लागले. तेथे जो शब्द रुजला तो 'उत्पादन खर्च' हा. आतापर्यंत भाव वाढवून द्या अशी विनंती असे. आता माझा खर्च किती आणि मला मिळते किती, असा हिशेब मागितला जाऊ लागला. कांद्याच्या बाजारातला हा शब्द दोन-अडीच वर्षांत उसाच्या पट्ट्यात पोचला, आणि १० नोव्हेंबर १९८० रोजी नाशिक जिल्ह्यात कांद्याबरोबर उसाला टनाला ३०० रुपये भाव मिळावा म्हणून शेतकरी रस्त्यावर आणि रुळांवर उतरले. गोळीबार झाला, माणसे दगावली. आंदोलनाच्या बाजूने किंवा विरुद्ध येथे आम्हाला लिहायचे नाही. आपल्या जिल्ह्यातही संघटनेला मानणारी पुष्कळ घरे आहेत. आम्हाला दिसते ते इतकेच की रस्ता अडला त्या दिवशी ज्यांना ही गोष्ट नवी वाटली, त्यांना दोन वर्षे आधी कोणत्याही आठवडी बाजारात ती फुकट ऐकता आली असती.

बोलण्याकडे कान ठेवण्याचा फायदा वावरातही होतो. २००२ च्या पावसाळ्यात सांगली भागातून लोकरी मावा राज्यात पसरला तेव्हा कास्तकार 'मावा' म्हणत नव्हते. ते म्हणत, पाने काळी पडली, फडात गेले की अंगाला चिकट लागते. तो काळेपणा म्हणजे माव्याच्या गोड चिकट स्रावावर वाढणारी बुरशी. पांढरी लोकर पानाच्या मागल्या बाजूस असते, ती वरून दिसत नाही. ज्याने 'चिकट' हा शब्द ऐकून पान उलटून पाहिले त्याला कीड लवकर सापडली, डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक सोडायलाही वेळ मिळाला. असो, हे वेगळ्या लेखाचे काम आहे.

ऐकलेले सगळेच कामाचे नसते. पुष्कळसे बोलणे हे बोलण्यासाठीच असते, आणि ते तसे असू द्यावे. संचालक मंडळाच्या निवडणुकीच्या वर्षी तर बोलणे तिप्पट होते आणि त्यातला दाणा एक तृतीयांश. मग निवडावे कसे? आम्ही प्रथम हे पाहतो की सांगणाऱ्याने स्वतः पाहिले आहे की ऐकले आहे. "माझ्या ट्रॉलीचे" आणि "म्हणतात बुवा" यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. नंतर पाहतो की तोंडे किती. एकाच पाहुण्याकडून ऐकलेली दहा माणसे म्हणजे एकच तोंड. पण एकमेकांना न ओळखणारी तीन गावची तीन माणसे तीच गोष्ट आपापल्या शब्दांत सांगत असतील तर ते बोलणे अफवा आहे असे म्हणून सोडू नये. तिसरे, त्यात आकडा, तारीख, गाव असे काही धरण्यासारखे आहे काय? मोबाईलवरच्या निरोपात हे बहुधा नसते. व्हॉट्सॲपवर दोन बाण असलेला, पुष्कळदा पुढे ढकललेला निरोप आला तर तो कोणाच्या वावरातून आलेला नाही एवढे समजावे. त्यात तालुक्याचे नाव बदलले की तो कोणत्याही कारखान्याला लागू पडतो.

एक उदाहरण दरवर्षीचे देतो. दसऱ्याच्या आगेमागे बोलणे निघते, "सरकारनं साडेतीन हजाराच्या वर जाहीर केले, हे मधले कुठं जातात?" २०२५-२६ च्या हंगामासाठी रास्त आणि किफायतशीर दर क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये जाहीर झाला हे खरे. पण तो १०.२५ टक्के उताऱ्यासाठी आहे. उतारा त्याखाली दर ०.१ टक्क्याने घसरला की क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे कमी होतात, आणि साडेनऊच्या खाली गेलेल्या कारखान्यासाठी दर ३२९ रुपये ५ पैशांवर थांबतो. शिवाय तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते. हे बोलणे खोटे नाही, अपुरे आहे. आणि ते अपुरे राहिले यात दोष आमचा. हा हिशेब आम्ही सभेत एकदा वाचून दाखवतो आणि कर्तव्य संपले असे समजतो. पावतीच्या मागल्या बाजूस तो छापावा अशी सूचना आम्ही केली आहे.

दुसरे उदाहरण साखरेचे. मागे एका बाजाराच्या गावी किराणा दुकानदार आम्हाला म्हणाला, "तुमची साखर फोडून विकावी लागते, साहेब." आम्ही हसून सोडून दिले. पंधरा दिवसांनी आमच्या घरातून कळले की बचत गटातल्या बायाही दिवाळीच्या साखरेत खडे आहेत म्हणत होत्या. दुकानदार आणि या बाया एकमेकांना ओळखत नव्हत्या. तेव्हा चीफ केमिस्टना विचारले. साखर पुरती थंड होण्याआधी पोत्यात भरली गेली होती. गरम साखर पोत्यात ओल धरते, तिचे खडे होतात, रंगही पिवळा पडतो. पोती भरण्याआधी साखर थंड होऊ देण्याची खबरदारी घेतल्यावर तक्रार थांबली. मात्र पंधरा दिवस आम्ही हसण्यात घालवले, हे लिहून ठेवलेले बरे.

यात एक नाजूक मुद्दा आहे आणि तो आडपडद्याने सांगून चालणार नाही. कारखान्याचा माणूस गावात काय बोलतात ते ऐकत फिरतो म्हटल्यावर सभासदांच्या मनात पहिला विचार काय येतो? माझे नाव साहेबाच्या कानी जाईल, आणि माझ्या वावरात टोळी शेवटी येईल. ही भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. उसाला तोड देणे-लांबवणे हे कारखानदारीतले जुने हत्यार आहे. एका सभासद काकांनी आम्हाला तोंडावर विचारले, "सायेब, तुमाले सांगून मले काय मिळन? एप्रिलची तोड?" याला आमच्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते.

आता जे उत्तर आहे ते असे. प्रत्येक गट कार्यालयात या हंगामापासून एक वही ठेवली आहे. तिच्यात तारीख, गाव, ऐकल्याची जागा, बोललेले नेमके शब्द, पाहिलेले की ऐकलेले, एवढेच रकाने आहेत. बोलणाऱ्याच्या नावाचा रकाना नाही. कोणी ओव्हरसियरने नाव लिहिले तर ते पान आम्ही स्वतः फाडतो, आणि दोनदा फाडलेही आहे. वही कोणत्याही सभासदाने मागितली तर त्याला पाहता येईल. नेमके शब्द लिहिण्याचा आग्रह एवढ्यासाठी की आमच्या लोकांना कार्यालयीन भाषेची सवय. "तीन क्विंटल कुठं गेले" याचे "वजनाबाबत असंतोष" झाले की त्यातला तीन हा आकडा जातो, आणि त्या जुन्या प्रकरणात घट कशी झाली याचा माग त्या आकड्यावरूनच लागला होता.

उत्तर देण्याच्या बाबतीतही थोडे सांगतो. पूर्वी आमची पद्धत अशी की काही ऐकले रे ऐकले की लाऊडस्पीकरची जीप फिरवायची : "सभासदांनी अफवांवर विश्वास ठेवू नये." ज्या वीस गावांत काही ठाऊक नव्हते तेथेही मग विचारणा सुरू होई, "काऊन जी, कोणती अफवा?" यास्तव खुलासा छापण्याची घाई करू नये. आधी तपासावे. बोलणे खरे निघाले तर दुरुस्ती करून मगच बोलावे, आणि जेथे ते निघाले त्याच जागी. पानठेल्यावरची गोष्ट पानठेल्यावर मिटते. काट्याविषयी शंका घेणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना आम्ही आता म्हणतो, भरलेली गाडी बाहेरच्या काट्यावर करून या, आपल्या काट्यावर लावा, रिकामी पुन्हा दोन्हीकडे करा, आणि दोन्ही पावत्या यार्डाच्या फळ्यावर चिकटवा. बाहेरून वजन करून आणण्यास आपल्याकडे मनाई नाही. दोन पावत्यांमध्ये वेळ किती गेला तेही लिहिण्यास सांगतो. बोलणे खोटे असेल तर फळा पाहून ते तेथेच संपते. खरे असेल तर तेही फळ्यावरच दिसते, आणि मग पळायला जागा नाही.

सभासदांकडून आमची मागणी लहानशी आहे. काही ऐकले, त्यातही स्वतः पाहिले, तर त्या आठवड्यात कळवा, वार्षिक सभेपर्यंत ठेवू नका. स्लिपबॉयला सांगा, ओव्हरसियरला सांगा, गट कार्यालयातल्या पेटीत चिठ्ठी टाका. गावच्या मोबाईल गटात काही आले असेल तर ते दाखवा, मात्र आमच्या माणसाला त्या गटात घ्यावे असा आमचा आग्रह नाही. तुमच्या गटात तुम्ही मोकळेपणी बोलावे हेच बरे. बचत गटांच्या अध्यक्षांना आम्ही वेगळे पत्र पाठवले आहे. साखरेविषयी त्यांचे म्हणणे दर महिन्याला ऐकून घेण्यासाठी शेतकी खात्यात एका भगिनीची नेमणूक व्हावी असा प्रस्तावही मंडळापुढे आहे.

वहीत आजपर्यंत ज्या नोंदी झाल्या त्यांपैकी तीन महत्त्वाच्या. पहिली यार्डात रात्री पाणी नसल्याची. ती खरी होती, नळ बसवला आहे. दुसरी, येत्या लागणीस कारखाना खोडव्याची नोंद घेणार नाही अशी. ती खोटी आहे, नोंद नेहमीप्रमाणे घेतली जाईल. मात्र ती निघाली कोठून याचा शोध घेता असे दिसले की आमच्याच एका माणसाने तिसऱ्या खोडव्याविषयी दिलेला सल्ला अर्धवट पोचला होता. तिसरी नोंद दोन वेगवेगळ्या गावांतून आली आहे. एक टोळी एकरामागे खुशाली मागते आणि न दिल्यास वाढे वावरात ठेवीत नाही, मोळ्याही सैल बांधते. याची चौकशी अजून पुरी झालेली नाही, कारण आकडा दोन ठिकाणी वेगळा सांगितला जातो. ज्या सभासदांच्या वावरात या महिन्यात तोड झाली आणि ज्यांच्याकडे असे पैसे मागितले गेले, त्यांनी तारीख, रक्कम आणि टोळीचा क्रमांक गट कार्यालयात कळवावा. चिठ्ठीवर नाव घातले नाही तरी चालेल.